कणा मोडलेल्या अकरा कादंबऱ्या : दुरुस्तीच्या नोंदी

१३ जानेवारी

शेजारच्या गावच्या ग्रंथालयाची जुन्या पुस्तकांची विक्री होती. एका खोक्यावर बारा डॉलर लिहिलेलं. वर पाककृतींची पुस्तकं होती, ती मी बाजूला केली आणि खाली हे घबाड निघालं. १९६०च्या दशकातल्या अमेरिकन विनोदी मालिकांवर निघालेल्या खिशात मावतील अशा कादंबऱ्या, एकूण नऊ. त्यातल्या सात 'गेट स्मार्ट'च्या, एक 'आय ड्रीम ऑफ जिनी', एक 'बीविच्ड'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. 'गेट स्मार्ट' म्हणजे मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांनी रचलेली हेरगिरीची खिल्ली. बुटात फोन असलेला मॅक्स स्मार्ट ऊर्फ एजंट ८६ आणि त्याच्यापेक्षा दहापट हुशार एजंट ९९. मालिका १९६५ ते १९७० चालली. त्यावर विल्यम जॉन्स्टन या लेखकाने १९६५ ते १९६९ या काळात नऊ कादंबऱ्या लिहिल्या. त्या काढल्या टेम्पो बुक्सने. माझ्या खोक्यात त्यातल्या दोन नाहीत : 'अँड लव्हिंग इट!' आणि 'मॅक्स स्मार्ट लूजेस कंट्रोल'.

बाटलीतली जिनी आणि 'बीविच्ड'मधली चेटकीण मात्र आमच्या पिढीला सांगायला नकोत. नव्वदच्या दशकात सोनीवर दोन्ही हिंदीत लागायच्या. नाशिकला आमच्याकडे ती वेळ कुणाला द्यायची नाही असा नियमच होता. त्यामुळे खोक्यात जिनीचा चेहरा दिसला तेव्हा बाकी आठ पुस्तकं कोणती आहेत हे न बघताच मी पैसे काढले होते, हे कबूल करतो.

अवस्था वाईट. घरी आणून पहिलं पुस्तक उघडलं तर मधोमध 'कट्' असा आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे हातात आले.

१५ जानेवारी

वास कुबट आहे. पानांच्या कडा कुठे कुठे कुरतडलेल्या, म्हणजे कसर लागून गेलेली. अजून जिवंत आहे का ते कळायला मार्ग नाही. म्हणून सगळी पुस्तकं झिपच्या पिशव्यांत घालून हवा काढून फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरला दोन आठवडे तरी ठेवावं लागतं, एका रात्रीत किडा मरत नाही.

बायकोचं म्हणणं, मटार आणि खवलेलं ओलं खोबरं यांच्या शेजारी ग्रंथालयातली कसर ठेवणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. दोन पिशव्या एकात एक घातल्या, तेव्हा परवानगी मिळाली.

३० जानेवारी

पहिली घोडचूक. फ्रीझरमधून काढल्या काढल्या उत्साहाने पिशव्या उघडल्या. थंडगार पुस्तकांवर घरातली हवा लागली आणि पाच मिनिटांत मुखपृष्ठांवर दव धरलं. या काळच्या स्वस्त पुस्तकांच्या कडा पुष्कळदा रंगवलेल्या असतात. दोन पुस्तकांचा रंग सुटला आणि पानांच्या समासात दोन-तीन मिलिमीटर आत झिरपला. तो आता जन्मात निघणार नाही.

पिशवी बंदच ठेवून पूर्ण एक दिवस बाहेर राहू द्यायची, आतलं पुस्तक खोलीइतकं उबदार झालं की मग उघडायची. पाणी पिशवीच्या बाहेरून धरतं, पुस्तकावर नाही. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. तरीही.

३ फेब्रुवारी

आज नुसती पाहणी. नऊच्या नऊ पुस्तकांचा आजार एकच. यांना शिलाई नाही. फर्मे दुमडून, पाठीकडची घडी कापून टाकून, सुट्या झालेल्या पानांच्या कडेला गोंद थापून वर मुखपृष्ठ चिकटवायचं, ही पद्धत. छापखान्यात याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. म्हणणारा विनोदी असावा. साठ वर्षांत तो गोंद सुकून काचेसारखा झालाय. उघडलं की तडकतो.

कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. लाकडाचा लगदा, त्यातलं कागद पिवळा पाडणारं लिग्निन काढलेलं नाही, वर तुरटीची खळ. पानं चहाच्या रंगाची झालीत आणि कोपरा दुमडला तर तुटून हातात येतो. यात आश्चर्य काही नाही. ही पुस्तकं अर्ध्या डॉलरच्या आसपास विकली जायची, औषधाच्या दुकानात, बसस्टँडवर, तारेच्या फिरत्या स्टँडवर. आकारही त्या स्टँडच्या मापाचा : साधारण सव्वाचार इंच रुंद, सात इंच उंच. प्रवासात वाचायचं आणि बाकावर सोडून जायचं. तेव्हा घरात व्हिडिओ नव्हता. भाग चुकला तर चुकला, पुन्हा दाखवतील तेव्हा खरा. मालिका हातात धरून घरी न्यायची तर हेच एक साधन.

एक गंमत. जिनीची मालिका रचली सिडनी शेल्डनने. तोच, ज्याच्या जाडजूड रहस्यकथा आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर विकल्या जातात आणि मराठीतही आल्यात. पण मालिकेवरची ही कादंबरी त्याने लिहिलेली नाही. १९६६च्या पॉकेट बुक्सच्या आवृत्तीवर लेखक म्हणून नाव आहे डेनिस ब्रूस्टर. पुढे कादंबऱ्यांवर जगभर नाव कमावणाऱ्या माणसाच्या मालिकेची कादंबरी दुसऱ्याने लिहिली.

१० फेब्रुवारी

सरावासाठी पन्नास सेंटला एक अशा चार जुन्या काउबॉय कादंबऱ्या आणल्या. ज्यांना हे काम करायचंय त्यांना पहिला सल्ला हाच : आधी जी फाटली तरी रडू येणार नाही अशी पुस्तकं फाडा.

पहिला प्रयोग मुलीच्या दप्तरातल्या पांढऱ्या डिंकाचा. सुटी पानं ठोकून सरळ केली, पाठीवर डिंक फासला, रात्रभर वजनाखाली ठेवलं. सकाळी पुस्तक नाही, फरशी झाली होती. डिंक पातळ, कागद टिपकागदासारखा. तो पानांत चार-पाच मिलिमीटर आत शिरून पानं एकमेकांना चिकटली. जिथे चिकटली नाहीत तिथे जोर लावून उघडल्यावर पुन्हा तोच 'कट्'. काउबॉय क्रमांक एक केराच्या टोपलीत.

१८ फेब्रुवारी

दुसरा प्रयोग. जुना गोंद खरवडण्याचा कंटाळा आला म्हणून पाठीकडून तीन मिलिमीटर सरळ कापूनच टाकले. कड काय सुंदर आली! मग चिकटवून उघडलं तेव्हा कळलं की या पुस्तकांना आतला समास मुळातच करंगळीच्या नखाएवढा असतो. तीन मिलिमीटर गेल्यावर ओळींची शेवटची अक्षरं घडीत बुडाली. वाचायचं तर मान वाकडी करून खोबणीत डोकवावं लागतं. काउबॉय क्रमांक दोन.

म्हणजे कापायचं नाही. खरवडायचंच.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस खरवडणं. आधी केस वाळवायच्या यंत्राने गोंद मऊ करून बघितला. गोंद मऊ होतो, पण च्युइंगमसारखा तारा काढत सुटतो आणि तोवर मुखपृष्ठ उष्णतेने वळायला लागतं. काउबॉय तिसरा याच्यात गेला, पण फुकट नाही गेला. त्यावरून ठरलं की उष्णता बंद, गोंद गार आणि कडक असतानाच काढायचा. कडक गोंद ठिसूळ असतो, टवके उडतात.

मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. बोथट झाली म्हणून टाकून दिलेली तिथली मेण कोरायची हत्यारं घरी होती. यांच्याइतकं चांगलं हत्यार या कामाला दुसरं नाही. पात टेकवून पाठीला समांतर, हलक्या हाताने, दातावरचं किटण काढतात तसं. एका पुस्तकाला दीड तास लागतो. कंटाळून घाई केली की पात पानात घुसते. 'गेट स्मार्ट'पैकी 'पेरिलस पेलेट्स'च्या शेवटच्या पानाला एक भोक माझ्या सहीचं आहे.

मुखपृष्ठ आधी सोडवून घ्यायचं. पाठीवरचा भाग बहुतेक तडकलेलाच असतो, त्यामुळे ते फारसा विरोध करत नाही.

२ मार्च

जमलं!

चिकटवण्यासाठी आता आम्ल नसलेला पीव्हीए (पुस्तकबांधणीचा पांढरा) गोंद आणला, पंधरा डॉलर. तो भराभर वाळतो म्हणून त्यात मिथाइल सेल्युलोजची पेस्ट मिसळली, अकरा डॉलरची पुडी, जी बहुधा माझ्या नातवंडांना पुरेल. तीन भाग गोंदाला एक भाग पेस्ट. चार क्लॅम्प सोळा डॉलर. प्रेस म्हणून स्वयंपाकघरातले दोन लाकडी कटिंग बोर्ड.

पद्धत शब्दांत सांगायला अवघड आहे, तरी बघतो. सुटी झालेली पानं ठोकून सारखी करायची आणि दोन फळ्यांत अशी धरायची की पाठ वर राहील आणि बोटभर बाहेर येईल. मग पत्त्यांचा जोड पिसताना वाकवतो तशी ती बाहेरची बाजू एका अंगाला वाकवायची. प्रत्येक पानाची कड पुढच्या पानाच्या मागून केसभर डोकावते. त्यावर गोंदाचा हलका हात. मग दुसऱ्या अंगाला वाकवायची, पुन्हा गोंद. सरळ करून क्लॅम्प आवळायचे. म्हणजे गोंद नुसता कडेला राहत नाही, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना केसभर चढतो आणि पान पानाला धरतं. वर मलमलच्या कापडाची पट्टी. माझ्या जुन्या सदऱ्याचं अस्तर सत्कारणी लागलं.

काउबॉय चौथा आज टेबलावर उघडा पडून राहतो. हात काढला तरी मिटत नाही. मी त्याची सात पानं वाचली सुद्धा. फार वाईट आहे.

९ मार्च

पहिलं खरं पुस्तक चिकटवायला घेतलं, 'मिस्ड इट बाय दॅट मच!'. हे मॅक्स स्मार्टचं पालुपद, नेम थोडक्यात हुकल्यावर अंगठा आणि बोट यांच्यात जरासं अंतर दाखवून म्हणायचं. जॉन्स्टनच्या नऊपैकी बऱ्याच पुस्तकांची नावं अशी मालिकेतल्या पालुपदांवरूनच घेतलीत, नाहीतर शब्दांवर कोटी केलेली. 'लूजेस कंट्रोल'मधलं कंट्रोल हे त्याच्या हेरखात्याचंच नाव आहे.

तर पानं एका अंगाला वाकवली, गोंद लावला, दुसऱ्या अंगाला वाकवताना फोन वाजला. नजर हलली, डावा क्लॅम्प सैल होता, खालची वीसेक पानं सरकली. मी आवळून टाकलं आणि बघितलंच नाही. सकाळी फूटपट्टी लावली तर ती पानं बरोबर दोन मिलिमीटर बाहेर. लेकीने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. तिला मी हे पालुपद आदल्या दिवशीच शिकवलं होतं.

ते तसंच ठेवलंय. पुन्हा सोडवायचं म्हणजे नवा गोंद खरवडणं, आणि नवा गोंद ठिसूळ नसतो, रबरासारखा असतो. कागदासकट येतो.

१६ मार्च

आई आली, तीन महिन्यांसाठी. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, आणि मला नाशिकहून आणायला सांगितलेलं काही नाही.

जेवणाच्या टेबलावर जिनी बघून ओळखली. "ही ती बाटलीतली ना? डोळे मिटून मान हलवायची?" मग पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. मी सांगितलं की मालिका आधी आली आणि त्यावरून हे पुस्तक लिहिलं. तिला ते पटेना. "आधी टीव्ही आणि मग पुस्तक? उलटी गंगाच की रे. आपला चिमणराव बघ. चिं. वि. जोश्यांनी आधी लिहिलं, मग पन्नास वर्षांनी तो प्रभावळकर टीव्हीवर आला." पन्नास वर्षांचा हिशेब तिचा, पण दिशा बरोबर आहे.

फाटलेली पानं कशाने जोडतोस विचारलं. म्हटलं, खरं तर गव्हाच्या स्टार्चची खळ लागते, मैद्याची चालत नाही. मैद्यात चिकट प्रथिन असतं, ते पिवळं पडतं, किड्यांना आवडतं. शुद्ध स्टार्च मागवावं लागेल. ती माझ्याकडे बघत राहिली. "अरे, म्हणजे चीकच ना?"

मी हातातला चमचा खाली ठेवला. कुरडयांचा चीक! गहू भिजवून, वाटून, चोथा गाळून, निवळ टाकून खाली बसतो तो पांढरा गाळ. लहानपणी दर उन्हाळ्यात वाटीभर गरम चीक तेल घालून खाल्ला, आणि गेले दोन महिने मी स्टार्चच्या डब्यांच्या किमती बघत बसलो होतो.

२१ मार्च

सोळाला रात्रीच पाच डॉलरचे अख्खे गहू आणून भिजत घातले. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी वाटून, दोनदा फडक्यातून गाळून, रात्रभर निवत ठेवलं. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतलं, खाली दह्यासारखा घट्ट थर.

इथे एक फरक लक्षात घ्या. कुरडईच्या चिकाला थोडा आंबूसपणा हवाच, चव त्याचीच. पुस्तकाला तो नको. कागद आधीच आम्लाने मेलेला आहे. आम्लपणा मोजायच्या आठ डॉलरच्या पीएच पट्ट्या आणल्या होत्या (सातच्या खाली म्हणजे आम्ल), त्यावर पहिला चीक पाचच्या जवळ आला. म्हणून त्यातला अर्धा बाजूला काढून त्यात भरपूर पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा निवू दिलं, ओतलं. असं तीनदा केल्यावर साडेसहाच्या आसपास आला. उरलेल्या अर्ध्यात आईने मीठ-हिंग घातलं.

घराची अवस्था : पाहुण्यांच्या खोलीत चादरीवर कुरडया आणि शेजारी दुसऱ्या चादरीवर एजंट ८६ची पानं, दोन्हींवर हीटरचा वारा.

२३ मार्च

खळ शिजवली. एक वाटी चीक, चार वाट्या पाणी, मंद आच, ढवळणं थांबवायचं नाही. दुधी रंग जाऊन काचेसारखी चकाकी आली की झाली. गार झाल्यावर घट्ट वडी होते. ती चहाच्या गाळणीतून तीनदा दाबून काढायची, मग थेंब थेंब पाणी घालून सायीइतकी पातळ. आईच्या मते मी चांगल्या चिकाची वाट लावली.

तिने आणखी एक सुचवलं : मोरचूद. गल्लीतला बाइंडर खळीत निळं मोरचूद घालायचा, मग किडा शिवत नाही. खरं आहे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घालतात. पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि तांबं कागदाचं कुजणं वाढवतं. किडा मरतो, कागदही मरतो. त्यापेक्षा खळ लागेल तेवढीच करावी, फ्रीजमध्ये ठेवावी, आठवड्याने टाकून द्यावी. तिला हे फारसं पटलं नाही. बाइंडरने बांधलेली आजोबांची ज्ञानेश्वरी अजून आहे म्हणाली. ती ज्ञानेश्वरी चिंध्यांच्या चांगल्या कागदावरची आहे, हे मी बोललो नाही.

फाटलेल्या जागी लावायला जपानी कोझो कागद घेतला, बावीस डॉलर, या सगळ्या उद्योगातला सर्वांत डोळ्यांवर येणारा खर्च. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. तो कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्यावरून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड डोळ्यांना दिसत नाही. त्यावर खळ, पानावर ठेवायचा, बोटाने नाही तर कागदाच्या घडीने टिपायचा, वर वजन.

वजनाच्या आणि पानाच्या मध्ये बेकिंगचा पार्चमेंट कागद घालायला विसरलो. 'बीविच्ड'चं एक पान टिपकागदाला चिकटलं. सोडवायला अर्धा तास आणि तीन शब्द गेले. ते शब्द कोणते हे मात्र आता शोधूनही कळत नाही, कारण मी बीविच्डची दुसरी प्रत अजून घेतलेली नाही.

६ एप्रिल

'सॉरी, चीफ...'मधून दोन पानं बेपत्ता आहेत हे वाचताना कळलं. साठाव्या पृष्ठावरून एकदम पासष्ट. दुरुस्त करण्याआधी पानं मोजावीत हा साधा नियम मी पाळला नव्हता. मधे पान घालायचं तर बांधून झालेलं पुस्तक पुन्हा उसवायचं.

दुसरी प्रत मागवली, टपालासकट तेरा डॉलर. विकणाऱ्याने अवस्था 'चांगली' असं लिहिलं होतं. पाकीट उघडलं तर एखाद्याने तिच्यावर चाळीस वर्षं सिगारेट ओढली असावी. मोठ्या डब्यात खाली खायचा सोडा, वर जाळी, जाळीवर पुस्तक, झाकण लावून दोन आठवडे गॅरेजमध्ये. वास निम्मा गेला.

२१ एप्रिल

त्या प्रतीतून बेपत्ता चार पृष्ठांच्या छायाप्रती आम्ल नसलेल्या कागदावर काढल्या, कागदाचा गठ्ठा दहा डॉलर. मापाने कापून, मूळ पानांपेक्षा केसभर अरुंद ठेवून, आतल्या कडेला खळीची बारीक रेघ देऊन शेजारच्या पानाला जोडली. उसवावं लागलं नाही. पांढरीशुभ्र दिसतात, चहात बुडवून रंगवावीत का असा विचार आला होता. नाही केलं. हा जोड माझा आहे हे पुढच्याला दिसलेलं बरं.

एक प्रश्न काही जण विचारतील : दोन प्रतींतली बरी पानं आणि बरं मुखपृष्ठ एकत्र करून एक छान प्रत का नाही केली? मोह झाला होता. मग दुसरी प्रत मेली असती. आता दोन्ही वाचता येतात. एक जोडलेली, एक वासाची.

संध्याकाळी आईला जिनीचं पुस्तक मराठी करून वाचून दाखवलं, जसं जमेल तसं. पुस्तक मांडीवर उघडं राहिलं, एकही पान सुटलं नाही. मी निम्मं लक्ष कण्याकडे ठेवून होतो. आईने वीसेक पानं ऐकलं. म्हणाली, हिचा आवाज वेगळा येतोय. तिच्या कानात जिनी हिंदीतच बोलते. पलीकडे बायको म्हणाली, "आई, आता तर ते 'जिनी और जुजू' पण येऊन गेलं तिकडे." आईने ते पाहिलेलं होतं आणि तिला आवडलेलं नव्हतं.

४ मे

राहिलेली दोन पुस्तकं मिळाली. 'लूजेस कंट्रोल' सतरा डॉलर, 'अँड लव्हिंग इट!' चौदा. दोन्हींचे कणे पोस्टानेच मोडून आणून दिले. आता हात बसलाय, एका पुस्तकाला साडेचार-पाच तास. दोन्ही एकाच शनिवार-रविवारी झाली, सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मुखपृष्ठ परत चिकटवताना एवढंच : पाठीला पूर्ण गोंद लावायचा नाही. आधी कागदाची चपटी नळी करून ती पाठीला चिकटवायची, मुखपृष्ठ नळीच्या वरच्या अंगाला. पुस्तक उघडलं की पाठ आतून सुटी राहते, मुखपृष्ठाला घडी पडत नाही. पहिल्या चार पुस्तकांना हे केलं नव्हतं आणि त्या चारांच्या पाठीवर पांढऱ्या भेगा दिसतात.

रासायनिक फवारा मारून आम्ल घालवण्याबद्दल दोघातिघांनी सुचवलं होतं. किंमत बघितली आणि पुस्तकं बघितली. नाही. अंधारी, कोरडी, गार जागा मिळाली तर ही आणखी काही वर्षं काढतील. तळघरात उन्हाळ्यात दमटपणा फार, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कपाटात जाणार.

१८ मे

शेवटचं राहिलं होतं 'मॅक्स स्मार्ट अँड द घास्टली घोस्ट अफेअर', १९६९चं, नवांतलं शेवटचं. याला मुखपृष्ठच नाही. मी समजत होतो फाटून गेलं असेल. गोंद खरवडताना नीट बघितलं तर पाठीवर मुखपृष्ठाची पट्टी शाबूत आणि पुढचा कागद एका झटक्यात, सरळ ओढून काढलेला. म्हणजे हे मुद्दाम फाडलंय.

या धंद्यातली रीत अशी की न खपलेली स्वस्त पुस्तकं दुकानदार परत पाठवत नाही, टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवायचं, त्याचे पैसे वळते होतात, आणि उरलेलं पुस्तक नष्ट करायचं. पुढे पुढे तर प्रकाशक आत छापायलाच लागले की मुखपृष्ठाविना पुस्तक विकत घेतलंत तर ते नष्ट झाल्याची नोंद झालेलं पुस्तक आहे, हे लक्षात असू द्या. माझं हे त्यातलंच दिसतंय. कागदोपत्री मेलेलं, कुणीतरी न फेकता वाचायला घरी नेलेलं. भुताच्या गोष्टीला हे शोभतं.

दुसऱ्या कुठल्या प्रतीच्या मुखपृष्ठाची रंगीत छायाप्रत काढून लावता आली असती. लेकीला विचारलं. तिला आजीने जूनमधल्या वह्या-पुस्तकांच्या कव्हरांची गोष्ट सांगितली होती, सगळं कुटुंब रविवारी खाकी कागद, कात्री आणि लेबलं घेऊन बसायचं ती. आई लगेच उठली. किराणा दुकानाची खाकी पिशवी उसवली, पाणी शिंपडून इस्त्री केली, आणि मी फूटपट्टी शोधेपर्यंत कोपरे दुमडून आत घातले सुद्धा. गोंद नाही, खळ नाही, चिकटपट्टी नाही. मी पाच महिन्यांत केलेल्या अकरा पुस्तकांत कोपरे याच एकाचे सरळ आहेत.

एकूण खर्च १४५ डॉलर, काउबॉयांसह. वेळ साठ तासांच्या आसपास, त्यातले वीस चुका निस्तरण्यात. पांढऱ्या लेबलावर लेकीने नाव लिहिलं, विषय : भूत, इयत्ता : मोठी माणसं.

खळ उरली आहे वाटीभर. पुढच्या शनिवारपर्यंत टिकेल. पाककृतींच्या त्या खोक्यात एका पुस्तकाचं मुखपृष्ठ सुटतंय असं बायको म्हणत होती.